तीन खडे, एक निदान: सिस्टिनुरिया असलेल्या मुलीचं प्रकरण

हे प्रकरण कोणा एका रुग्णाचं नाही. सिस्टिनुरिया या आनुवंशिक मुतखड्याच्या आजारात मुलांची वाटचाल बहुतेक वेळा कशी होते, हे एका मुलीच्या रूपानं दाखवता यावं म्हणून ते रचलं आहे. त्यातले आकडे आणि औषधांचे निर्णय या मुलीच्या वजनावर आणि तपासण्यांवर बेतलेले आहेत. दुसऱ्या मुलाला ते जसेच्या तसे लागू करू नयेत.

मुलगी अकरा वर्षांची, वजन ३४ किलो. डाव्या कुशीत कळा, उलट्या, लालसर लघवी. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या भागात १७ मिलिमीटरचा खडा दिसला, उजव्या मूत्रपिंडात ४ मिलिमीटरचा. सहाव्या वर्षी एक खडा दुर्बिणीतून काढला होता. आठव्या वर्षी दुसरा निघाला, तेव्हा बाहेरून लहरी देऊन तो फोडायचा प्रयत्न दोनदा झाला. खडा जवळजवळ तसाच राहिला आणि शेवटी दुर्बीण घालून लेझरनं काढावा लागला. दोन्ही वेळच्या डिस्चार्ज कार्डावर ‘भरपूर पाणी प्यावे’ एवढाच सल्ला होता. खडा तपासायला पाठवल्याची नोंद कुठेही नव्हती.

या इतिहासाकडे नीट पाहिलं तर निदान निम्मं झालेलंच आहे. पहिला खडा शाळेच्या सुरुवातीच्या वयात, मग पुन्हा पुन्हा खडे, आता दोन्ही बाजूंना, आणि लहरींना दाद न देणारा कठीण खडा. मोठ्या माणसाला पहिला मुतखडा झाला तर कमी पाणी आणि खारट खाणं यावर बोट ठेवून पुढे जाता येतं. मुलाच्या बाबतीत तसं करू नये. मुलाचा पहिला खडा हाच ‘का?’ विचारण्याचा मुहूर्त असतो, तिसऱ्याची वाट पाहायची नसते.

आई-वडिलांचा पहिला प्रश्न होता, “आमच्या दोन्ही घरांत कोणालाच मुतखडा नाही. मग हे आनुवंशिक कसं असेल?” हा प्रश्न फार घरांत विचारला जातो आणि दुर्दैवानं काही वेळा तो तपासणी न करण्याचं कारणही ठरतो. या आजारात बहुधा आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं. ज्याच्याकडे एकच सदोष जनुक आहे तो सहसा निरोगी असतो आणि त्याला ते ठाऊकही नसतं. म्हणून घराण्यात मुतखडा नसणं हा आनुवंशिक आजार नसल्याचा पुरावा मानता येत नाही.

निदान

सकाळच्या पहिल्या लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली षटकोनी, चपटे, रंगहीन स्फटिक दिसले. असे स्फटिक सिस्टिन या अमिनो आम्लाशिवाय सहसा कशाचे नसतात. मात्र ते प्रत्येक नमुन्यात सापडत नाहीत, त्यामुळे ‘स्फटिक नाहीत’ म्हणून विषय बंद करता येत नाही. लघवीतलं सिस्टिन दाखवणाऱ्या सायनाइड-नायट्रोप्रुसाइड चाचणीत लघवी जांभळी झाली. मग २४ तासांची लघवी गोळा केली. लघवी ९०० मिलिलिटर, त्यात सिस्टिन ६४० मिलिग्रॅम, पीएच (लघवी किती आम्ल किंवा अल्कली आहे हे सांगणारा आकडा) ५.९, सोडियम १५० मिलिमोल. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारण ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी सिस्टिन जातं. पुढे काढलेल्या खड्याची इन्फ्रारेड तपासणी झाली. तो शुद्ध सिस्टिनचा निघाला.

आपल्या मूत्रपिंडातून गाळली गेलेली अमिनो आम्लं नलिकांमध्ये पुन्हा रक्तात ओढून घेतली जातात. सिस्टिन, लायसिन, आर्जिनिन आणि ऑर्निथिन या चौघांना ओढून घेणारा एक वाहक असतो. त्याचे दोन भाग एसएलसी३ए१ आणि एसएलसी७ए९ या जनुकांवरून बनतात. यांपैकी एखादा भाग बिघडला की चारही अमिनो आम्लं लघवीत वाहून जातात. बाकीची तिन्ही पाण्यात सहज विरघळतात आणि त्रास देत नाहीत. सिस्टिन विरघळत नाही, त्याचे खडे होतात. हाच वाहक आतड्यातही असतो, पण प्रथिनं लहान तुकड्यांच्या रूपात दुसऱ्या वाटेनं शोषली जातात. म्हणून ही मुलं कुपोषित होत नाहीत आणि त्यांची वाढ सहसा नीट होते. आईला हे ऐकून खूप हायसं वाटलं, कारण ती आधी इंटरनेटवर ‘सिस्टिनोसिस’बद्दल वाचून घाबरली होती. तो आजार वेगळा आहे. त्यात सिस्टिन पेशींच्या आत साठतं आणि उपचार न मिळाल्यास लहान वयातच मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

मुलीच्या जनुक तपासणीत एसएलसी३ए१ मध्ये दोन वेगवेगळे बदल आढळले, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला. निदानासाठी ही तपासणी अत्यावश्यक नव्हती. लघवी आणि खडा यांनी पुरेसं सांगितलं होतं. तरी तिचा पुढे घरातल्या इतरांसाठी उपयोग झाला.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारणारे डॉक्टरही भेटतात. मुलांमध्ये खडे करणारे आनुवंशिक आजार अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपचार निराळा आहे, हे त्यांना माझं उत्तर. प्रायमरी हायपरऑक्झॅलुरियात, म्हणजे शरीरात ऑक्झॅलेट जास्त बनण्याच्या आजारात, दोष यकृतात असतो आणि मूत्रपिंडं कायमची जाऊ शकतात. त्याच्या पहिल्या प्रकारात काहींना ‘ब ६’ जीवनसत्त्वाचा गुण येतो, आणि २०२० पासून लुमासिरान हे इंजेक्शनही मान्यताप्राप्त आहे. एपीआरटी या विकराच्या कमतरतेत अ‍ॅलोप्युरिनॉलनं खडे थांबतात, पण तो खडा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून त्याला युरिक आम्लाचा समजून वर्षानुवर्षं लघवी अल्कलीयुक्त करण्याचं औषध दिलं जातं, आणि त्याचा तिथे उपयोग नसतो. ड जीवनसत्त्व मोडण्याचं काम करणाऱ्या सीवायपी२४ए१ या जनुकात दोष असेल तर शक्तीसाठी म्हणून दिलेलं ड जीवनसत्त्वच घातक ठरतं. या सगळ्यांत कळ तीच, सोनोग्राफीतला ठिपकाही तसाच. खडा तपासल्याशिवाय फरक कळायला मार्ग नाही.

सिस्टिनचा खडा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम हाइड वॉलस्टन यांनी १८१० मध्ये ओळखला, आणि ब्रिटिश वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०८ च्या आपल्या व्याख्यानांत जन्मजात चयापचय दोषांच्या पहिल्या मोजक्या उदाहरणांत सिस्टिनुरियाला जागा दिली. इतका जुना, इतका स्वस्तात ओळखता येणारा आजार दोन शस्त्रक्रिया होईपर्यंत निनावी राहावा, याची मला खंत वाटते.

खडा काढणं

१७ मिलिमीटरचा खडा पाण्यानं विरघळण्याची वाट पाहणं योग्य नव्हतं. लहरींचा मार्ग पुन्हा घेण्यात अर्थ नव्हता, सिस्टिनचे खडे त्यांना फारसे जुमानत नाहीत. पाठीतून बारीक छिद्र पाडून, लहान मुलांसाठीच्या बारीक दुर्बिणीनं खडा एका बैठकीत पूर्ण काढला. इथे ‘पूर्ण’ या गोष्टीला फार किंमत आहे. मागे राहिलेला कण पुढच्या खड्याचं बीज होतो. उजवीकडच्या ४ मिलिमीटरच्या खड्याला हात लावला नाही. पुढची सगळी पाहणी सोनोग्राफीनं करायची, सीटी स्कॅन फक्त निर्णय त्यावर अडला असेल तेव्हाच, असं फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. आयुष्यभर तपासण्या लागणाऱ्या मुलीला प्रत्येक कळीसाठी सीटी करत गेलो तर किरणोत्साराची बेरीज मोठी होते.

पाण्याचा हिशेब

पीएच सातपर्यंत असताना एक लिटर लघवीत साधारण २५० मिलिग्रॅम सिस्टिन विरघळलेलं राहतं. या मुलीच्या लघवीत दर लिटरला सातशेच्या वर होतं. म्हणजे दर दिवशी, दर रात्री खडा बनण्याची परिस्थिती तयारच होती. केवळ पाण्यावर भागवायचं तर तिला रोज अडीच लिटरहून जास्त लघवी व्हायला हवी. चौतीस किलोच्या मुलीकडून रोज ही अपेक्षा करणं फार झालं.

पीएच ७.५ वर गेला की विद्राव्यता साधारण दुप्पट होते. म्हणून लघवीचा पीएच वाढवणारं पोटॅशियम सिट्रेटचं द्रावण सुरू केलं, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १ मिलिइक्विव्हॅलंट, तीन भागांत, शेवटचा भाग झोपताना. पीएच आठच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, कारण मग कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होऊ लागतात. सोडियमचे क्षार टाळले, कारण सोडियम वाढलं की लघवीतलं सिस्टिनही वाढतं. मिठाचंही तसंच. तिच्या लघवीतलं १५० मिलिमोल सोडियम म्हणजे दिवसाला नऊ ग्रॅमच्या आसपास मीठ झालं, ते निम्म्यावर आणायचं ठरलं. प्रथिनं मात्र वयाला लागतील तितकी ठेवली. सिस्टिन मेथिओनिनपासून तयार होतं, म्हणून मांसाहाराचा अतिरेक नको हे खरं. पण वाढत्या मुलीची प्रथिनं तोडणं हा तिच्यावर अन्याय होतो आणि त्यातून मिळणारा फायदाही थोडा असतो.

उद्दिष्ट ठरलं: रोज दोन लिटरच्या आसपास लघवी, पीएच ७ ते ७.५ च्या दरम्यान किंवा जरा वर, मीठ कमी. कागदावर सगळं बसलं.

शाळा आणि रात्र

सहा आठवड्यांनी आईनं सांगितलं, “डॉक्टर, बाटली रोज भरून देते. रोज अर्धी परत येते.” मुलगी गप्प होती. आई बाहेर गेल्यावर तिला विचारलं, “शाळेत तू लघवीला कितीदा जातेस?”

“एकदाही नाही.”

“का गं?”

“दाराची कडी लागत नाही. आणि तासाला उठलं की सगळे बघतात. मग मी पाणीच पीत नाही.”

‘मुलगी ऐकत नाही’ ही तक्रार इथेच संपली. ती व्यवहारी होती. जिथे जाता येत नाही तिथे प्यायचं नाही, असा तिचा साधा हिशेब होता. शाळेच्या मुख्याध्यापिकांना पत्र लिहिलं: मुलीला वर्गात पाणी पिण्याची आणि न विचारता बाहेर जाण्याची परवानगी असावी, आणि शिक्षकांसाठीचं स्वच्छतागृह तिला वापरू द्यावं. आजाराचं नाव पत्रात घालायचं का, हे तिलाच विचारलं. तिनं नको म्हटलं. पत्रात ‘वैद्यकीय कारणासाठी’ एवढंच राहिलं. परवानगी मिळाली आणि बाटली रिकामी येऊ लागली. या आजाराच्या उपचारात मी औषधाच्या मात्रेइतकंच महत्त्व या पत्राला देते.

रात्रीचा प्रश्न अधिक अवघड होता. झोपेत आठ-नऊ तास पाणी जात नाही, लघवी दाट होते, पीएच उतरतो. दिवसभर काटेकोर राहिलेल्या मुलांमध्येही खडे रात्रीच्या या तासांत वाढतात. आईला घरी पट्टीनं लघवी तपासायला शिकवलं. दुपारी विशिष्ट गुरुत्व (लघवी किती दाट आहे याचं माप) १.००६, पीएच ७.५, पहाटे १.०२२ आणि ६.२. दोन पट्ट्या शेजारी ठेवून मुलीला दाखवल्या. रंगातला फरक पाहून ती स्वतःच म्हणाली, “म्हणजे मी झोपले की खडा जागा होतो.” मग ठरलं ते असं: झोपताना ३०० मिलिलिटर पाणी आणि सिट्रेटचा शेवटचा भाग. मध्यरात्रीच्या सुमारास वडील झोपायला जातात तेव्हा तिला उठवतील, लघवीला जाऊन आली की आणखी २५० मिलिलिटर. परीक्षेच्या आदल्या रात्री सूट. ही सूट मुद्दाम दिली. वर्षानुवर्षं पाळायच्या नियमात मोकळी जागा ठेवली नाही तर मूल सगळा नियमच टाकून देतं.

सहा महिन्यांनी लघवी १.९ लिटर, सिस्टिन ५४० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला २८५ च्या आसपास, आणि पीएच ७.४. उजवीकडचा लहानसा खडा तेवढाच होता.

धाकटा भाऊ

भाऊ सात वर्षांचा होता, ठणठणीत. अशा घरात प्रत्येक भावंडाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून त्याची लघवी तपासायची ठरली. आजी या तपासणीच्या विरोधात होती. “बऱ्या पोराला कशाला रोगी करता?” असं तिचं म्हणणं, आणि त्यातली माया खरी होती. तिला समजावलं की आज भरपूर पाणी आणि कमी मीठ यांवर भागेल, खडा झाल्यावर भागणार नाही. सिस्टिन वाढलेलं निघालं, जनुकांतही तेच दोन बदल सापडले. खडा मात्र नव्हता. जनुकांतले बदल तेच असूनही एकाला सहाव्या वर्षी खडा होतो आणि दुसऱ्याला वर्षानुवर्षं होत नाही. म्हणून भावाला बहिणीची औषधं न देता पाणी, मिठावर ताबा आणि ठरावीक अंतरानं सोनोग्राफी एवढंच सुरू केलं. अगदी तान्ह्या भावंडाची तपासणी असती तर आकडे जपून वाचावे लागले असते, कारण पहिल्या दोन वर्षांत नलिका अपरिपक्व असल्यानं लघवीतलं सिस्टिन मुळातच जास्त दिसू शकतं.

चौदावं वर्ष

अडीच वर्षं बरी गेली. मग वर्ग बदलला, मैत्रिणी बदलल्या, रात्रीचं उठणं बंद झालं. सिट्रेटची चव नकोशी वाटू लागली. उजवा खडा ९ मिलिमीटरचा झाला आणि डावीकडे नवा दिसला. वडील चिडले होते. त्यांना थांबवून आधी जे जमेल ते बदललं: द्रावणाऐवजी गोळ्या, आणि रात्रीचा गजर तिच्या स्वतःच्या फोनवर. तीन महिने वाट पाहिली. लघवी दीड लिटरच्या वर जाईना, तेव्हा थायोल गटातलं औषध सुरू करायचं ठरलं.

सिस्टिन हा सिस्टेइन (इंग्रजीत cysteine) या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या दोन रेणूंचा गंधकाच्या बंधानं जोडलेला जोड असतो. टायोप्रोनिन आणि डी-पेनिसिलामिन तो बंध तोडतात आणि एका अर्ध्याला स्वतः चिकटतात. हा नवा जोड पाण्यात अनेक पटींनी जास्त विरघळतो. तिला टायोप्रोनिन दिलं, वजनाच्या दर किलोला दिवसाला १५ मिलिग्रॅम, तीन भागांत, जेवणापासून अंतर ठेवून. हे औषध पाण्याची जागा घेत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. अंगावर पुरळ, चव जाणं, रक्तातल्या पेशी कमी होणं, लघवीतून प्रथिनं जाणं, हे धोके सांगून रक्त आणि लघवीच्या तपासण्यांचं वेळापत्रक दिलं.

सातव्या महिन्यात प्रथिनं सापडलीच. पायांवर सूज नव्हती, तिला काहीच जाणवत नव्हतं, पण लघवीतून किती प्रथिनं जातात हे सांगणारं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर वाढून २.१ झालं होतं. तपासणीची तारीख चुकवली असती तर हे कळलं नसतं. औषध ताबडतोब थांबवलं. पाच महिन्यांत गुणोत्तर पूर्ववत झालं. मग कमी मात्रेवर, जास्त जवळच्या तपासण्यांसह, ते पुन्हा सुरू केलं. या निर्णयावर मतभेद होऊ शकतात. माझा विचार असा होता की दोन्ही मूत्रपिंडांत खडे असलेल्या मुलीला आणखी दोन शस्त्रक्रियांचा धोका कमी मात्रेच्या धोक्यापेक्षा मोठा आहे. ती मात्रा तिला मानवली.

हाती सोपवणं

बालविभागातून मोठ्यांच्या विभागात जाताना अशा रुग्णांचा धागा सहज तुटतो. आईनं गोळ्या मोजल्या, वडिलांनी रात्री उठवलं, डॉक्टर आईशीच बोलले. मग अठराव्या वर्षी एक चिठ्ठी देऊन मुलीला नव्या इमारतीत पाठवलं जातं आणि तिला स्वतःच्या औषधाची मात्राही ठाऊक नसते. ती पुन्हा दिसते ती कळ घेऊन तातडीच्या विभागात.

म्हणून पंधराव्या वर्षापासून प्रत्येक भेटीचा पहिला भाग तिनं एकटीनं बोलायचं ठरलं. आजाराचं नाव, औषधं, मागचा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे सांगणारी रक्ततपासणी), कळ आल्यावर काय करायचं, ताप आणि कळ एकत्र आल्यास लगेच रुग्णालय का गाठायचं, हे तिनं सांगायचं. आई सुरुवातीला दाराबाहेर बेचैन असायची. सतराव्या वर्षी दोन भेटी दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी मिळून घेतल्या. मूत्ररोगतज्ज्ञही त्यात होते, कारण तिच्या आयुष्यात पुढचा खडा कोण काढणार हे खडा अडकण्याआधी ठरलेलं बरं.

एका भेटीत तिनं विचारलं, “मला मूल होऊ शकेल ना? आणि त्याला हे होईल?” गर्भधारणेचा विचार असेल तर थायोलची औषधं आधी डॉक्टरांशी बोलून थांबवावी लागतात आणि त्या काळात भिस्त पाणी आणि सिट्रेटवर ठेवावी लागते, हे तिला सांगितलं. तिच्या प्रत्येक मुलाला तिच्याकडून एक सदोष जनुक जाणारच. आजार होईल की नाही, हे जोडीदाराकडे तसं जनुक आहे का यावर अवलंबून, आणि ते तपासता येतं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “म्हणजे हे ठरवता येतं. मला वाटलं होतं, ठरलेलंच आहे.”

आज ती वीस वर्षांची आहे, घरापासून दूर शिकते. मधल्या काळात ५ मिलिमीटरचा एक खडा मूत्रवाहिनीत उतरला होता. ताप नव्हता, मूत्रपिंड फुगलेलं नव्हतं, म्हणून वेदनाशामक आणि पाण्यावर थांबलो आणि तो पडला. तिनं तो गाळून डबीत आणला, तपासणीसाठी. क्रिएटिनिन वयाच्या मर्यादेत आहे, रक्तदाब दर भेटीला मोजला जातो. या आजारात मूत्रपिंड पूर्ण निकामी होणं विरळा असलं तरी त्याचं काम मंदावणं आणि रक्तदाब वाढणं मोठेपणी बरेचदा आढळतं.

काळजी सध्या भावाची जास्त आहे. तो सोळा वर्षांचा आहे, त्याला एकदाही कळ आलेली नाही, त्यामुळे आजार त्याला खरा वाटत नाही. गेल्या तपासणीत पहाटेचा पीएच ६ होता आणि सोनोग्राफीत पहिल्यांदाच ३ मिलिमीटरचा ठिपका दिसला. सिट्रेट सुरू केलं आहे, आणि पुढच्या भेटीला त्याच्याबरोबर आईऐवजी बहीण येणार आहे.